दूधवाल्या अक्कांना लिहिलेलं पत्र

माझ्या वडिलांना ऐकू येत नाही, हे आमच्या इमारतीत अकरा वर्षं कोणाला माहीत नव्हतं.

अप्पांनी उमेदीची सगळी वर्षं पत्र्याचे भाग ठोकून काढणाऱ्या एका कारखान्यात घालवली. प्रेसच्या आवाजाने आधी उजवा कान गेला, मग डावा. साहेबांना कळलं तर हलक्या कामावर टाकतील, या भीतीने त्यांनी ते लपवलं, आणि लपवता लपवता त्यांना ओठ वाचता यायला लागले. कोणी शिकवलं नाही. ते ओठांवरून कन्नड वाचत, आमची घरातली मराठी वाचत, थोडीशी तमिळही. बाप, माप आणि पाप हे तिन्ही शब्द ओठांवर अगदी सारखे दिसतात, असं त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. अशा वेळी माणसाचं कपाळ बघायचं, डोळे बघायचे, बोलणं कशाबद्दल चाललंय त्याचा धागा सोडायचा नाही. कानाचं यंत्र मी दोनदा घेऊन दिलं. त्यातून नुसता गोंगाट येतो म्हणून दोन्ही कपाटात गेली. लग्नकार्यात आई मुद्दाम त्यांच्या समोरची खुर्ची धरायची आणि आजूबाजूला जे बोललं जाईल ते आवाज न करता, फक्त ओठांनी त्यांना सांगायची. आई गेल्यावर ते काम माझ्याकडे आलं.

माझं लग्न टिकलं नाही. जे. पी. नगरातल्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघंच. मी इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कंपनीत सूचना-पुस्तिका लिहिते; यंत्र कसं लावायचं, कसं वापरायचं, काय करू नये. इमारतीच्या कमिटीतही मला घेतलं ते लिहिता येतं म्हणून. पाण्याच्या टाकीची नोटीस, पार्किंगची नोटीस, सगळं मी इंग्रजीत आणि कन्नडमध्ये लिहून द्यायची. साथ आली तेव्हा मास्कची नोटीसही मीच लिहिली. लिफ्ट, जिना, गच्ची, गेट, कुठेही मास्कशिवाय प्रवेश नाही. खाली लिहिलं होतं, ‘कोणाचाही अपवाद केला जाणार नाही.’ ते वाक्य कोणी सांगितलं नव्हतं. मला बरं वाटलं म्हणून घातलं.

मी त्या काळात फार कडक होते, हे लपवण्यात अर्थ नाही. आमच्या ऑफिसातला माझ्याच वयाचा एक माणूस पहिल्या लाटेत आठ दिवसांत गेला होता. मला रात्रंदिवस अप्पांची भीती वाटायची. चौऱ्याहत्तर वर्षांचं वय, त्यात साखर. मास्क हनुवटीवर ठेवून फिरणाऱ्यांचे फोटो काढून मी इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकत असे. तिसऱ्या मजल्यावर पुण्याहून आलेला एक आयटीतला तरुण राहायचा. मास्कने काही होत नाही, हे सगळं लोकांना घाबरवायला चाललंय, असं तो रोज लिहायचा. मी रोज त्याला उत्तर द्यायची. मराठीत बोलणारी म्हणून सुरुवातीला तो मला ताई म्हणायचा. नंतर त्याने ते सोडलं.

अप्पांचं काय होतंय, हे माझ्या बरेच दिवस लक्षात आलं नाही. घरात आम्ही मास्क लावत नव्हतो, त्यामुळे आमचं बोलणं चालू होतं. पण त्यांना रोज सकाळी खाली जायची सवय होती. कंपाउंडला चार फेऱ्या, वॉचमनशी हवापाण्याच्या गप्पा, मग गेटबाहेरच्या दुकानातून दूध. एके दिवशी दूध ठेवता ठेवता म्हणाले, “सगळ्यांच्या डोळ्यांवरून कळतं की ते काहीतरी बोलतायत. पण काय बोलतायत ते जातं कुठे कोण जाणे.”

“मग नका जाऊ खाली,” मी म्हणाले. “मी आणते दूध.”

“घरात बसून करू काय?”

मी पारदर्शक मास्क शोधले. मिळाले नाहीत म्हणून साडीच्या प्लास्टिकच्या पिशवीचा चौकोन कापून एक शिवला. तो लावून त्यांच्यासमोर उभी राहिले. दोन वाक्यांत प्लास्टिकवर वाफ धरली आणि माझे ओठ दिसेनासे झाले. अप्पा हसले, “सरी, ठीक आहे, सोड.”

दुधाचं दुकान एक बाई चालवायच्या. पन्नाशीच्या असाव्यात. आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणायचो. त्यांना अप्पांचं गुपित कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी ते स्वतःच ओळखलं. एका सकाळी मी बाल्कनीतून बघितलं, तर अप्पा दुकानासमोर रस्त्याच्या कडेला उभे होते आणि अक्का दुकानाच्या पार मागच्या भिंतीला टेकून, मास्क खाली ओढून त्यांच्याशी बोलत होत्या. अप्पा हसत होते, हातवारे करत होते. मी चपला घालून खाली गेले.

“अक्का, मास्क,” मी म्हणाले.

त्यांनी मास्क वर घेतला. आमचं बोलणं कन्नडमध्येच व्हायचं. “एवढ्या लांब उभी राहते ना मी, मॅडम. गिऱ्हाईक आलं की परत लावते.”

“तरी पण.”

“त्यांना माझं तोंड दिसलं नाही तर ते बोलणार कोणाशी?” त्या म्हणाल्या. “स्वल्प वेळ तर लागतो. पाच मिनिटं.”

मी अप्पांना हाताला धरून घरी आणलं. पण दुसऱ्या दिवसापासून त्या वेळी बाल्कनीत जायचं मी टाळलं. तेवढी सूट मी त्या दोघांना मनातल्या मनात दिली होती.

अक्कांमुळे अप्पांचा धीर वाढला. समोरच्याने मास्क खाली घेतला तर आपल्याला पुन्हा लोकांत राहता येईल, असं त्यांना वाटू लागलं. ते माणसांसमोर थांबत, स्वतःच्या तोंडाकडे बोट दाखवत आणि मग ते बोट खाली ओढल्यासारखं करत. कानाकडे बोट दाखवलं असतं तर कोणालाही कळलं असतं. कानाकडे त्यांनी आयुष्यात कधी बोट दाखवलं नव्हतं.

आमचे सेक्रेटरी बँकेतून निवृत्त झालेले, जाड मिशांचे, नियमाचे पक्के. त्यांच्या बायकोचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालायचं आणि ते स्वतः तिला गाडीतून हॉस्पिटलात नेत. त्या दिवशी सकाळी ते तिला व्हीलचेअरवर बसवून लिफ्टपाशी आले होते. अप्पा दूध घेऊन समोर. अप्पांचा स्वतःचा मास्क फेऱ्या मारताना हनुवटीवर घसरला होता. सेक्रेटरी म्हणाले, मास्क नीट लावा. अप्पांना फक्त हलणारं कापड दिसलं. त्यांनी नेहमीप्रमाणे बोट वर करून खाली ओढायची खूण केली आणि एक पाऊल पुढे टाकलं. ते बोट सेक्रेटरींच्या मास्कला लागलं.

आरडाओरडा ऐकून मी जिन्यावरून धावत गेले. सेक्रेटरी बायकोच्या खुर्चीपुढे हात पसरून उभे होते आणि ओरडत होते, “तिला मारायचंय का तुम्हाला? तिला काही झालं तर?” ती बाई मान खाली घालून बसली होती. अप्पा एकदा त्यांच्याकडे, एकदा वॉचमनकडे बघत होते. दोघांचीही तोंडं झाकलेली. आणि जिन्याच्या पहिल्या वळणावर तो पुण्याचा तरुण मोबाइल धरून उभा होता.

तासाभरात व्हिडिओ ग्रुपवर आला. खाली त्याने लिहिलं होतं, की एवढ्या म्हाताऱ्या माणसालाही हे ढोंग कळतं आणि तोंडावर सांगायची हिंमत त्याच्यात आहे. दुपारपर्यंत तो व्हिडिओ शेजारच्या इमारतींच्या ग्रुपांवर गेला. अर्ध्या लोकांनी लिहिलं, अशा माणसावर पोलिसात तक्रार करा. उरलेल्यांनी टाळ्या वाजवणारे हात पाठवले. कोणीतरी लिहिलं की मुलगी कमिटीत बसून दुसऱ्यांचे फोटो काढते, आधी बापाला सांभाळ म्हणावं. ज्यांच्याशी मी कधी बोललेही नव्हते असे लोक माझ्या वडिलांवरून एकमेकांशी भांडत होते.

मी जेवणाच्या टेबलावर अप्पांच्या समोर बसले आणि सगळं सांगितलं.

“मला वाटलं, ते विचारतायत दूध आलं का म्हणून,” अप्पा म्हणाले. “बायकोसाठी.”

“मी ग्रुपवर लिहू का, तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून?”

ते पटकन म्हणाले, “नको.” मग म्हणाले, “तसं लिहू नकोस. वेडा म्हणू देत.”

मी लिहिलं नाही. त्यांचा मान राखला असं मी स्वतःला सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. पण मलाही लाज वाटत होती. अपवाद केला जाणार नाही असं लिहून मोकळी झालेली बाई आता आपल्याच घरासाठी अपवाद मागते आहे, असं लोक म्हणाले असते. मी चार शब्दांत माफी मागितली. पुन्हा असं होणार नाही, एवढंच लिहिलं.

संध्याकाळी कमिटीची ऑनलाइन बैठक झाली. अप्पांनी पंधरा दिवस खाली येऊ नये, असं ठरलं. मग एकजण म्हणाले, ते दुधाच्या दुकानात उभे राहतात तिथली बाईसुद्धा मास्क काढून बोलते, आपण पाहिलंय. अख्ख्या इमारतीचं दूध तिच्या हातून येतं. तिला लेखी द्या. ऐकलं नाही तर दूध दुसरीकडून घेऊ. सगळे हो म्हणाले. सेक्रेटरींनी विचारलं, “तुम्ही लिहाल ना? कन्नडमध्ये?”

मी नाही म्हणू शकले असते. एवढंच सांगायचं होतं, की ती बाई माझ्या वडिलांसाठी मास्क काढते आणि का काढते. बैठकीत बारा चेहरे होते आणि प्रत्येकजण आपापल्या घरात, मास्कशिवाय बसलेला होता. मी म्हणाले, लिहिते.

पत्र चांगलं झालं. स्पष्ट, नम्र, एकही शब्द जास्त नाही. मी सही केली आणि वॉचमनकडून पाठवून दिलं.

पंधरा दिवस झाल्यावर अप्पा केस विंचरून, धुतलेला शर्ट घालून खाली गेले. पाच मिनिटांत परत आले. दूध टेबलावर ठेवलं.

“अक्का रागावली माझ्यावर,” ते म्हणाले.

“का बरं?”

“मागे गेली नाही. तोंडावरचं काढलं नाही. पिशवी ठेवली आणि हात जोडले.” मग म्हणाले, “तिलाही लोकांनी दाखवला असेल तो व्हिडिओ.”

त्या क्षणी मी सांगायला हवं होतं. मी म्हणाले, “कामाच्या गडबडीत असतील.” आणखी तीन-चार दिवस ते गेले. मग बंद केलं. दूध मी आणू लागले. अक्का माझ्याशी पूर्वीसारख्याच वागायच्या. फक्त एकदा त्यांनी अप्पांबद्दल विचारलं, “अण्णा बरे आहेत ना?” मी हो म्हणाले. त्यांच्या मास्कच्या वर मला त्यांचे डोळे दिसत होते, आणि अप्पांसारखं वाचायला मला येत नव्हतं.

दुसरी लाट आली तेव्हा शेजारचं कोणी जाऊन दोन महिने झाले असते तरी आम्हाला कळलं नसतं, असे ते दिवस होते. ॲम्ब्युलन्सचा आवाज थांबत नव्हता. आम्ही दारं लावून बसलो होतो. दुकानाचं शटर खाली दिसलं तेव्हा वाटलं, लॉकडाउनच्या वेळा बदलल्या असतील. चौथ्या दिवशी वॉचमनने सांगितलं, अक्का गेल्या. अक्का दोन दिवस एका हॉस्पिटलबाहेर रिक्षात होत्या. खाट मिळाली तेव्हा उशीर झाला होता. आजार कुठून आला कोणाला माहीत. त्यांचा नवरा होसकोट्याच्या एका गोदामात कामाला होता, तोही आजारी होता. शिवाय त्या दिवसभर शेकडो लोकांना दूध देत होत्या.

ग्रुपवर बातमी आली. सुरुवातीला सगळ्यांनी हात जोडले. मग कोणीतरी लिहिलं की वाईट वाटतं, पण मास्क काढून बोलायची सवय शेवटी भोवली. त्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या तरुणाने लिहिलं, उलट. कमिटीच्या पत्रानंतर ती दिवसभर मास्क लावत होती, मग वाचली का नाही? पुन्हा भांडण पेटलं. दोन्ही बाजूंना अक्का हव्या होत्या. मी मोबाइल उलटा ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. नळ सोडायची काही गरज नव्हती. अप्पांना ऐकू येणार नव्हतंच.

त्यांना सांगायला मला दोन दिवस लागले. सकाळी चहा झाल्यावर समोर बसले. अक्का गेल्या, हे त्यांनी पहिल्याच खेपेला ओठांवरून वाचलं. पण पत्राचं सांगितलं तेव्हा मला तेच वाक्य तीनदा म्हणावं लागलं. मी नीट बोलत नव्हते की त्यांना वाचायचं नव्हतं, माहीत नाही.

“पत्र दाखव,” ते म्हणाले.

मी लॅपटॉप आणला. अप्पांची शाळा कन्नड. कन्नड ते झरझर वाचतात. या वेळी त्यांनी एकेका ओळीवर बोट ठेवून वाचलं. संपल्यावर परत वर गेले.

“यात माझं काहीच नाही,” ते म्हणाले.

“तुम्हीच म्हणाला होतात, लिहू नकोस.”

“लोकांना लिहू नकोस म्हणालो होतो.” त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. “तिला तर ठाऊक होतं.”

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. मग म्हणाले, “आता लिही. सगळ्यांना लिही, मला ऐकू येत नाही म्हणून. आता काय राहिलंय लपवायला?”

मी लिहिलं. इंग्रजीत आणि कन्नडमध्ये, नेहमीसारखं. अप्पांना ऐकू येत नाही, ते ओठ वाचतात, अक्का त्यांच्यासाठीच मास्क खाली घेत, आणि हे ठाऊक असून ते पत्र मी लिहिलं. नंतर हात जोडण्याच्या खुणा आल्या. तरुणाने व्हिडिओ काढून टाकला, पण एव्हाना तो कुठल्या कुठे गेला होता. मी कमिटीतून बाहेर पडले. कोणी अडवलं नाही.

पुढच्या रविवारी दारावरची बेल वाजली. सेक्रेटरी दारापासून दोन हात मागे, जिन्याच्या कठड्याला टेकून उभे होते. त्यांनी मला खुणेने अप्पांना बोलवायला सांगितलं. अप्पा दारात आल्यावर त्यांनी मास्क काढला, घडी करून खिशात ठेवला आणि हळूहळू, एकेक शब्द सुटा करून बोलले. त्यांच्या मिशा वरच्या ओठावर इतक्या आल्या होत्या की अप्पांना काही वाचता येईना. अप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी आईसारखी समोर जाऊन उभी राहिले आणि ओठांनी सांगितलं, “ते म्हणतायत, मला कळलं नाही. बायकोच्या काळजीने माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. माफ करा.”

“सरी, सरी,” अप्पा म्हणाले. “त्या कशा आहेत?”

सेक्रेटरींनी खिशातला मास्क काढून पुन्हा लावला आणि ते जिना उतरून गेले. नंतर कळलं, त्या आदल्या आठवड्यातच गेल्या होत्या, आणि त्यांनी कोणाला कळवलं नव्हतं. हॉस्पिटलं भरलेली; डायलिसिसच्या बेडसाठी फिरता फिरता दोन खेपा चुकल्या होत्या. साथीने त्यांना गाठलंसुद्धा नव्हतं.

मास्कच्या नियमाबद्दल मला आजही विचारलं तर मी म्हणेन, तो बरोबर होता. आज वेळ आली तर तीच नोटीस पुन्हा लिहीन, फक्त ते शेवटचं वाक्य घालणार नाही. पत्राबद्दल मात्र मला कोणी विचारत नाही, आणि मीही ते कोणासमोर काढत नाही. एका माणसाशिवाय.

दुकान काही महिन्यांनी पुन्हा उघडलं. अक्कांची मुलगी बसू लागली. लग्न झालेली, तिशीची, कमी बोलणारी. तोवर इमारतीतले बरेच लोक मोबाइलवरून दूध मागवायला लागले होते. मी तिच्याकडेच जात राहिले आणि रोज ठरवून काही न बोलता परत येत राहिले. मास्क गेले, लोकांची तोंडं दिसू लागली, तेव्हा एका दुपारी दुकानात कोणी नाही असं बघून मी तिला म्हणाले, “तुझ्या आईला कमिटीचं एक पत्र आलं होतं. ते मी लिहिलं होतं.”

“माहीत आहे,” ती म्हणाली. “सही होती तुमची.”

मी अप्पांचं सांगायला लागले. तिने मला मध्येच थांबवलं.

“तातांना ऐकू येत नाही, ते आईने घरी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं.” ताता म्हणजे आजोबा, ती अप्पांना तसं म्हणते हे मला तेव्हा कळलं. “मी रोज भांडायचे तिच्याशी. एका म्हाताऱ्यासाठी तू मास्क काढतेस, आमच्या लेकरांचा विचार कर म्हणून. ती ऐकायची नाही. तुमचं पत्र आलं तेव्हा मला बरं वाटलं होतं. मी म्हणाले, बघ, आता तरी ऐकशील.” तिने क्रेटमधल्या पिशव्या सरळ केल्या, मग पुन्हा त्याच सरळ केल्या. “चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. नंतर बोलायला लागली. पण त्या चार दिवसांचं मला सारखं आठवतं.”

ती माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. मी तिचा हात धरला नाही, तिनेही मला बसायला सांगितलं नाही. एक रिक्षावाला येऊन ताक मागू लागला. तिने त्याला ताक दिलं आणि मी घरी आले.

अप्पा आता एकोणऐंशीचे आहेत. मी दोनदा म्हणाले, चला, अक्कांच्या मुलीला भेटून येऊ, ती तुमची चौकशी करते. दोन्ही वेळा ते म्हणाले, गुडघे दुखतात. गुडघे खरंच दुखतात. ते गच्चीवर फेऱ्या मारतात, खाली जात नाहीत. समोरून कोणी आलं तर कठड्याकडे तोंड करून उभे राहतात आणि तो माणूस जाईपर्यंत खालच्या रस्त्याकडे बघत राहतात.